वाहाकाचे वाडे, वाहाकाच्या चुली

१८१८ सालच्या डिसेंबरात झापोतेक या मूळनिवासी समाजातला बारा वर्षांचा एक मुलगा डोंगरातल्या ग्वेलाताओ या खेड्यातून पळून वाहाका शहरात आला. आईवडील तो लहान असतानाच गेले होते. काकाची मेंढरं राखण्यात दिवस जात होते आणि स्पॅनिश त्याला जवळजवळ येतच नव्हती. शहरात त्याचं म्हणावं असं एकच माणूस होतं, थोरली बहीण होसेफा. ती एका व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाक करायची. पोरगं पहिल्यांदा टेकलं ते त्या घरात. काही दिवसांनी आंतोनियो सालानुएवा नावाच्या एका धार्मिक वृत्तीच्या पुस्तकबांधणी कारागिराने त्याला ठेवून घेतलं. घरातली कामं करायची, बांधणी शिकायची आणि शाळेत जायचं, असा तो व्यवहार होता. हाच मुलगा म्हणजे बेनितो हुआरेस, पुढे वाहाका राज्याचा गव्हर्नर आणि मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष. ज्या घरात बहीण चुलीपुढे राबली, त्याच घरातल्या मार्गारिताशी त्याचं लग्न झालं. सालानुएवांचं घर गार्सिया विहिल रस्त्यावर आजही आहे. विहीर, स्वयंपाकघर आणि बांधणीची खोली जपून त्याचं संग्रहालय केलेलं आहे.

दक्षिण मेक्सिकोतल्या या गावाबद्दल जे लिहिलं जातं त्यात सहसा दोन याद्या असतात. एकीत चर्च, मठ आणि संग्रहालयं, दुसरीत खाण्याच्या जागा. वाचत गेलो तसं मला वाटू लागलं की या याद्या वेगळ्या ठेवल्या तर वाहाका कळतच नाही. इथली वाचनालयं आणि इथल्या चुली एकाच काळात, एकाच भांडणातून आणि पुष्कळदा त्याच माणसांनी वाचवल्या आहेत. ती गोष्ट सांगावी म्हणून हा लेख.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १५५० मीटर उंचीवर, तीन खोरी एकत्र येतात तिथे वसलेलं आहे. शेजारच्या डोंगरमाथ्यावर मोंते आल्बान हे झापोतेकांचं प्राचीन नगर आहे. त्याची सुरुवात इ.स.पूर्व ५०० च्या सुमाराची. खालच्या वस्तीला १५३२ मध्ये स्पेनच्या पाचव्या कार्लोसने शहराचा दर्जा दिला, तेव्हा तिचं नाव अंतेकेरा होतं. युनेस्कोने १९८७ मध्ये डोंगरावरचं नगर आणि खालचं जुनं शहर या दोहोंना मिळून जागतिक वारसा ठरवलं. भूकंपाचा मुलूख असल्याने इमारती बुटक्या, भिंती जाडजूड, आणि दगड हिरवट झाक असलेला. पावसात भिजला की तो हिरवा रंग जास्तच खुलतो.

या दगडामागचा पैसा एका किड्याने दिला. फड्या निवडुंगावर जगणारा कोचिनिल किडा वाळवून चुरडला की गडद लाल रंग मिळतो. एक पौंड रंगासाठी सुमारे ७० हजार किडे लागतात. अठराव्या शतकात मेक्सिकोतून चांदीखालोखाल मोलाची निर्यात याच रंगाची होती आणि त्याचं मुख्य उत्पादन वाहाकाच्या झापोतेक व मिश्तेक गावांत होई. युरोपातल्या धर्मगुरूंचे झगे आणि सैनिकांचे कोट त्यात रंगले. निवडुंगावरून किडे वेचणाऱ्या बायामाणसांच्या वाट्याला त्यातलं फारसं आलं नाही. मठ मात्र सोन्याने मढले. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग निघाले आणि हा सगळा व्यापार बसला.

सर्वांत मोठा मठ सांतो दोमिंगो. डॉमिनिकन पंथीयांनी सोळाव्या शतकात त्याचं काम काढलं. चर्चमध्ये शिरताना मान वर केली की छतावर एक वंशवृक्ष दिसतो. संत डॉमिनिक यांच्या घराण्याची वेल, फांदीफांदीवर माणसं, आणि सगळं सोनेरी गिलाव्यात. पण इमारतीचं नशीब ठरवलं ते वर सांगितलेल्या मेंढपाळ मुलाने. हुआरेस आणि त्यांच्या उदारमतवादी सहकाऱ्यांनी १८५९ च्या सुधारणा कायद्यांनी चर्चची मालमत्ता सरकारजमा केली. मठ रिकामे झाले आणि सांतो दोमिंगोत लष्कर येऊन राहिलं. ओवऱ्यांत घोडे बांधले गेले, बागेचं कवायतीचं मैदान झालं. छावणी पूर्णपणे हलायला १९९० चं दशक उजाडलं.

सैन्य जाणार म्हटल्यावर एवढ्या मोठ्या, मोक्याच्या जागेचं काय करायचं हा प्रश्न आलाच. एक सूचना आलिशान हॉटेल आणि परिषद केंद्राची होती, मैदानावर गाड्यांचा तळ. त्याविरुद्ध गावातले चित्रकार, वास्तुरचनाकार आणि अभ्यासक उभे राहिले. १९९३ मध्ये त्यांनी ‘प्रो-ओआक्स’ ही वारसा जपणारी संस्था काढली. चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो तिच्या अग्रभागी होते. हॉटेल झालं नाही. जीर्णोद्धार होऊन १९९८ मध्ये मठात वाहाका संस्कृती संग्रहालय उघडलं. पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना १९३२ च्या जानेवारीत मोंते आल्बानच्या सातव्या थडग्यात सापडलेला मिश्तेक ठेवा तिथे आहे: सोन्याचे अलंकार, पिरोजा, मोती, कोरलेली हाडं. त्याच इमारतीत विद्यापीठाचं फ्राय फ्रान्सिस्को दे बुर्गोआ ग्रंथालय आहे. मठ बंद झाले तेव्हा त्यांची विखुरलेली जुनी पुस्तकं इथे एकत्र झाली. सुमारे ३० हजार ग्रंथ, त्यांत छपाईच्या पहिल्या अर्धशतकातलेही आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती कवायतीच्या मैदानावर लावलेली बाग. मानववंश वनस्पतिशास्त्राची ही बाग दोन हेक्टरांहून थोडी मोठी आहे. तिची कल्पना अभ्यासक आलेहांद्रो दे आविला आणि तोलेदो यांची. वाहाका राज्याच्या वेगवेगळ्या भागांतून झाडं आणून लावली, आणि निवड करताना कसोटी एकच होती: माणसाचा आणि त्या झाडाचा संबंध काय? म्हणून इथे रंग देणारी झाडं आहेत, औषधी आहेत, धाग्याची आहेत, आणि खाण्याचीही पुष्कळ आहेत. कोचिनिल पोसणारा निवडुंग आहे, मेस्काल या दारूसाठी लागणारे आगावे आहेत, उंच खांबांसारख्या निवडुंगांचं कुंपण आहे. दुपारच्या ताटात येणाऱ्या बऱ्याच गोष्टी आधी इथे मुळांसकट उभ्या दिसतात. हॉटेल झालं असतं तर त्या जागी गाड्या उभ्या असत्या.

तोलेदोंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. जन्म १९४०, मूळ घराणं हुचितानचं, झापोतेक. तरुणपणी पॅरिसमध्ये चित्रकलेत नाव झालं. माकडं, मगरी, टोळ, ससे यांनी भरलेली त्यांची चित्रं जगभर विकली जाऊ लागली. १९६५ मध्ये ते मायदेशी परतले, आणि नंतर चित्रांचा पैसा गावाला घरं देण्यात घातला. १९८८ मध्ये सांतो दोमिंगोसमोरचं स्वतःचं घर त्यांनी ‘वाहाका आलेखकला संस्था’ म्हणून खुलं केलं. मुद्राचित्रांचा मोठा संग्रह आणि त्याहून मोठं कलाग्रंथांचं वाचनालय तिथे आहे. बोगनवेलीने झाकलेल्या चौकात बसून कुणीही वाचावं, तिकीट नाही. १९९२ मध्ये समकालीन कला संग्रहालय उभं राहिलं, त्यामागेही तेच होते. १९९६ मध्ये मानुएल आल्वारेस ब्राव्हो यांच्या नावाचं छायाचित्र केंद्र निघालं आणि त्याच वर्षी होर्हे लुईस बोर्हेस यांच्या नावाचं अंधांसाठीचं वाचनालय. फुकट चित्रपट दाखवणारा ‘एल पोचोते’ मंडळाचा पडदाही त्यांच्याच प्रयत्नांतला. शहराबाहेर सान आगुस्तिन एत्ला गावात एकोणिसाव्या शतकातली बंद पडलेली सूतगिरणी होती. २००६ मध्ये तिथे कलाकेंद्र सुरू झालं. जवळच स्थानिक धाग्यांपासून हातकागद करणारा कारखाना आहे.

ही यादी मी मुद्दाम सलग दिली, कारण तिच्यातली समान गोष्ट सलग वाचल्यावरच जाणवते. प्रत्येक ठिकाणी जुनी इमारत वाचली, आणि प्रत्येक ठिकाणी दार उघडं राहिलं. भाजी घेऊन घरी निघालेल्या बाईला वाटेत दहा मिनिटं चित्रं पाहता यावीत अशी ही रचना आहे. संग्रहालयाला जाणं हा सणासुदीचा कार्यक्रम होत नाही, रोजच्या रस्त्याचा भाग होतो. २०१५ मध्ये तोलेदोंनी आलेखकला संस्था, तिच्या संग्रहासह, देशाच्या ललित कला संस्थेकडे प्रतीकात्मक एका पेसोच्या बदल्यात सोपवली. २०१९ च्या सप्टेंबरात ते गेले.

त्यांच्या आधीही असं देणारा एक माणूस होऊन गेला. रुफिनो तामायो १८९९ मध्ये वाहाकात जन्मले. आई गेल्यावर ते मेक्सिको सिटीत मावशीकडे वाढले आणि तिच्या फळविक्रीच्या धंद्यात हातभार लावत मोठे झाले. त्यांच्या चित्रांतली कलिंगडं जगप्रसिद्ध आहेत. १९७४ मध्ये त्यांनी स्पॅनिशपूर्व काळातल्या मूर्ती आणि मातीच्या वस्तूंचा आपला संग्रह जन्मगावाला दिला. तामायो संग्रहालयाच्या खोल्या गुलाबी, निळ्या, जांभळ्या अशा रंगांत रंगवलेल्या आहेत आणि मूर्ती त्या रंगांवर मांडल्या आहेत. कालक्रमाच्या पाट्या वाचण्याआधी माणूस घाट पाहू लागतो. मला ही मांडणी कुठल्याही मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयापेक्षा सरस वाटते.

इतर जागांपैकी दोन चुकवू नयेत. वस्त्र संग्रहालय २००८ मध्ये सुरू झालं. तिथे विणकर आणि अभ्यासक एकाच टेबलाशी बसलेले आढळतात. त्याच्याजवळच सान पाब्लो केंद्रात एक संशोधन ग्रंथालय आहे, हुआन दे कोर्दोवा यांच्या नावाचं. या डॉमिनिकन धर्मगुरूने १५७८ मध्ये झापोतेक भाषेचा कोश छापला होता. राज्यात सोळा मूळनिवासी भाषक समाज आहेत, तेव्हा असं ग्रंथालय गावाच्या मध्यभागी असणं ही गरजच होती.

आता चौकात येऊ. इथे त्याला सोकालो म्हणतात. डेरेदार झाडं आहेत ती नांदरुकाच्या जातकुळीतली, स्थानिक लोक त्यांना भारतीय लॉरेल म्हणून ओळखतात. १८६८ मध्ये स्थापन झालेला राज्याचा बँड इथे वाजतो. मासेदोनियो आल्काला यांचं ‘दिओस नुंका म्वेरे’ हे वॉल्ट्झ सुरू झालं की लोक उठून उभे राहतात. वाहाकाचं ते राज्यगीतच मानतात. या संगीतकाराच्या नावाचं १९०९ सालचं नाट्यगृह दोन-तीन गल्ल्या पलीकडे आहे. चौकाच्या कडेने कमानींच्या ओवऱ्या, ओवऱ्यांत उपाहारगृहं.

या ओवऱ्यांत २००२ मध्ये मॅकडोनल्ड्सला दुकान टाकायचं होतं. प्रो-ओआक्सने विरोध केला. त्या ऑगस्टमध्ये तोलेदो आणि त्यांच्या साथीदारांनी चौकात केळीच्या पानांवर तामाले वाढले, सोबत आतोले. मक्याच्या पिठात सारण भरून उकडलेलं खाणं आणि मक्याचंच गरम पेय, येईल त्याला फुकट. दहा हजारांहून जास्त सह्या गोळा झाल्या. डिसेंबरात नगरपालिकेने परवानगी नाकारली. शहरात इतरत्र ती साखळी होती आणि आहे. भांडण चौकापुरतं होतं, पण त्यामागचा प्रश्न मोठा होता: गावाच्या मध्यावर कुणाची चूल पेटणार? मठात हॉटेल नको म्हणणारी आणि ओवरीत बर्गर नको म्हणणारी माणसं तीच होती. तामाले हे त्या दिवशी निषेधाचं हत्यार झालं ते उगीच नाही. त्याच्या आत जो मका आहे त्याचा इतिहास याच खोऱ्यातला आहे.

मित्ला गावाजवळ गिला नाकित्स नावाची एक छोटी गुहा आहे. पुरातत्त्वज्ञ केंट फ्लॅनरी यांनी १९६६ मध्ये तिथे उत्खनन केलं. तिथे मिळालेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या आणि मक्याची इवलीशी कणसं सुमारे सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची ठरली. या परिसरातल्या गुहा २०१० पासून जागतिक वारशात आहेत. मेक्सिकोतल्या मक्याच्या सुमारे ६० देशी वाणांपैकी निम्म्याहून जास्त आजही वाहाका राज्यात पेरले जातात. पांढरा, पिवळा, निळा, लाल, आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा. म्हणूनच २००१ मध्ये इग्नासियो चापेला आणि डेव्हिड क्विस्ट यांनी ‘नेचर’ नियतकालिकात लिहिलं की वाहाकाच्या डोंगरातल्या देशी मक्यात जनुकबदल केलेल्या मक्याचे अंश सापडले आहेत, तेव्हा खळबळ उडाली. त्यांच्या पद्धतीवर कडक टीका झाली आणि नियतकालिकाने पुढच्या वर्षी त्या निबंधापासून अंग काढून घेतलं. नंतरच्या काही तपासण्यांत मात्र असे अंश आढळले. तोलेदोंनी हा प्रश्न आपल्या कलेतही आणला. मेक्सिकोने २०२५ मध्ये राज्यघटनेतच जनुकबदल केलेल्या मक्याच्या लागवडीला बंदी घातली.

मेक्सिकोच्या मक्याशी एका मराठी माणसाचंही नातं आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतून फिरत फिरत १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीत रंगवलेल्या ‘आमची भाकर’ या भित्तिचित्रात मेजाशी बसून भाकर वाटणारा जो माणूस आहे, त्याचा चेहरा खानखोज्यांचा. वाहाकाला जाणारा मराठी प्रवासी राजधानीत उतरतोच. त्याने ते चित्र पाहूनच पुढे जावं असं मला मनापासून वाटतं.

मका नुसता दळून पोळी होत नाही. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन ओले दळतात. यालाच निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे साल सुटतं, पीठ लवचिक होतं आणि मक्यातलं नायासिन शरीराला मिळू लागतं. ही रीत न घेता फक्त मका घेऊन गेलेल्या युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात पुढे गरिबांना पेलाग्रा रोगाने ग्रासलं. तव्यावरच्या पोळीत हजारो वर्षांचं शहाणपण असतं ते असं. शहराच्या रेफोर्मा भागात इतानोनी नावाचं साधं उपाहारगृह या विषयाला वाहिलेलं आहे. कोणत्या वाणाचा मका आज तव्यावर आहे हे तिथे पदार्थाइतकंच महत्त्वाचं मानतात. मातीच्या तव्यावर भाजलेल्या त्रिकोणी तेतेला, आत वाटलेल्या घेवड्याचं सारण. दिवसाची सुरुवात करायला मला याहून चांगली जागा सुचत नाही.

मग बाजार. बेनितो हुआरेस बाजार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. त्यात मोले या दाट रश्शासाठीच्या लगद्याचे काळे-लाल ढीग, धुरावलेल्या मिरच्या, दोऱ्यासारखं ओढून चेंडू केलेलं केसियो चीज, आणि टोपल्यांत चापुलिनेस. हे पावसाळ्यात अल्फाल्फाच्या आणि मक्याच्या शेतांत पकडलेले नाकतोडे, लसूण, लिंबू आणि मीठ लावून भाजलेले. याच बाजारात फळांच्या गार पाण्यांचं कासिल्दा नावाचं ठाणं कित्येक दशकं प्रसिद्ध आहे.

रस्ता ओलांडला की २० नोव्हेंबर बाजार. त्यातली मांस भाजण्याची गल्ली धुराने भरलेली असते. इथली पद्धत समजून घ्यायला हवी. कांद्याची पात आणि मिरच्या एकीकडून घ्यायच्या, मांस दुसऱ्या गाळ्यावर निवडायचं: वाळवलेल्या गोमांसाचे पातळ पापुद्रे म्हणजे तासाहो, मिरची लावलेलं डुकराचं मांस म्हणजे सेसिना, नाहीतर चोरिसो. ते तिथेच निखाऱ्यावर भाजून देतात. पोळ्या तिसऱ्या बाईकडून, चटण्या आणि कोशिंबिरी चौथीकडून, पैसे ज्याचे त्याला. एका जेवणात चार-पाच घरांचा वाटा. मोठ्या हॉटेलात हाच पैसा एका गल्ल्यात पडतो.

दक्षिणेला मिना रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत. कोको या खोऱ्यात पिकत नाही. तो चियापास आणि ताबास्कोकडून येतो. भाजलेला कोको, साखर, दालचिनी आणि बदाम गिऱ्हाईक सांगेल त्या प्रमाणात डोळ्यांदेखत दळून देतात. घरी ते पाण्यात किंवा दुधात उकळून लाकडी रवीने फेस येईस्तोवर घुसळायचं आणि अंड्याचा पिवळा पाव त्यात बुडवून खायचा. नाश्ता झाला. कोकोचंच दुसरं रूप म्हणजे तेहाते. निश्तामाल केलेला मका, कोको, मामेय फळाची बी आणि रोसिता नावाचं सुगंधी फूल एकत्र वाटून, मोठ्या मातीच्या परातीत हाताने पाणी घालत मळत राहतात. हळूहळू वर दाट पांढरट फेस जमतो. रंगवलेल्या भोपळ्याच्या वाटीत ते गार प्यायला देतात. सान आंद्रेस वायापाम या गावच्या बायकांचं हे काम, आणि मनगटाला लागणाऱ्या कसाचं. फेस नीट आला नाही तर गिऱ्हाईक वळत नाही.

वाहाकाचे सात मोले सांगितले जातात: काळा, लाल, कोलोरादितो, पिवळा, हिरवा, चिचिलो आणि मांचामांतेल. खरी संख्या घरागणिक बदलते. काळ्या मोलेसाठी चिलवाक्ले ही मिरची लागते. ती क्विकातलानच्या उष्ण दरीत पिकते आणि आता इतकी कमी पिकते की भाव पाहून घरची बाई दुसऱ्या मिरचीकडे वळते. मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायच्या, त्यांच्या बिया आणि एखादी पोळी चक्क जाळायची, मग तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका, केळं, टोमॅटो, लवंग, दालचिनी, मिरी, अवोकादोचं पान आणि शेवटी चॉकलेट. वीस-तीस जिन्नस सहज होतात. जळणं आणि करपणं यांच्यातली रेघ हाताला ठाऊक असावी लागते, आपल्याकडे काळं वाटण करणाऱ्या बाईला असते तशी. यातली लवंग आणि दालचिनी आशियातली, जहाजांनी आलेली. उलट दिशेने अमेरिकेतली मिरची पोर्तुगिजांबरोबर गोव्याला उतरली. तेओतित्लान देल वाये या विणकरांच्या गावात आबिगाईल मेंदोसा यांच्या त्लामानाली या स्वयंपाकघरात आजही वाटण तीन पायांच्या दगडी पाट्यावर, गुडघे टेकून होतं. वाहाकाची पाककला जगाला माहीत करून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

रात्री गाव त्लायुदाकडे वळतं. हातभर रुंद, कडक भाजलेली मक्याची पोळी, तिच्यावर चरबीचा गाळ, अवोकादोच्या पानाचा वास असलेला घेवडा, चीज, आणि निखाऱ्यावरचं मांस. लिब्रेस रस्त्यावर ती रात्री उशिरापर्यंत मिळते. उन्हाळ्याच्या दुपारी मात्र सोलेदाद चर्चसमोरच्या सोक्रातेस बागेत बसावं. तिथल्या बर्फाच्या दुकानांतली खासियत म्हणजे करपवलेल्या दुधाचं आइस्क्रीम आणि त्यावर निवडुंगाच्या लाल फळाचं. कोचिनिलचा निवडुंग इथे जिभेवर भेटतो.

या गावात भांडी फक्त स्वयंपाकाला वापरत नाहीत. २००६ च्या उन्हाळ्यात शिक्षकांचा संप सोकालोत ठाण मांडून होता. १४ जूनच्या पहाटे पोलिसांनी तो बळाने उठवू पाहिला आणि सारं शहर पेटलं. १ ऑगस्टला हजारो बायका पातेली, झाकणं आणि पळ्या बडवत निघाल्या आणि त्यांतल्या काहींनी सरकारी दूरचित्रवाणीचं नऊ क्रमांकाचं केंद्र ताब्यात घेतलं. काही आठवडे त्या स्वतःच कार्यक्रम करत होत्या. आंदोलनात माणसं मारली गेली, वर्षअखेर ते दडपलं गेलं. त्यातून उरली ती चित्रकला. तरुण कलाकारांनी ‘आसारो’ हा गट काढला आणि लाकूड व लिनोलियमवर कोरलेले ठसे भिंतींवर चिकटवू लागले. आज शहरभर जी मुद्राचित्रांची छोटी छोटी कार्यशाळा-दुकानं आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांची मुळं त्या वर्षात आणि तोलेदोंच्या वाचनालयात आहेत. दारं सहसा उघडी असतात. यंत्रावर कागद चढताना पाहता येतो आणि छोटा ठसा साध्या खिशालाही परवडतो.

त्याच वर्षीचा सरकारी गेलागेत्सा उत्सव बंद पाडला गेला. जुलैतल्या दोन सोमवारी फोर्तिन टेकडीवर राज्यभरातले नाच होतात तो हा उत्सव, १९३२ च्या एका सोहळ्यातून वाढलेला. मुळात गेलागेत्सा ही खेड्यांतली देवघेवीची रीत. लग्नकार्यात शेजारी मका, कोको, टर्की देतो, घेणारा ते वहीत लिहून ठेवतो आणि त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढंच परत करतो. टेकडीवरच्या प्रेक्षागृहात आता पुढच्या जागांना महाग तिकीट आहे आणि मागच्या फुकट. शिक्षक संघटनेने तिकीट नसलेला आपला लोकांचा गेलागेत्सा सुरू केला, तो अजून होतो. मला विचाराल तर तो बघावा.

२०२४ मध्ये मिशेलिन मार्गदर्शिकेने पहिल्यांदा मेक्सिकोतल्या उपाहारगृहांना तारे दिले. वाहाकात ‘लोस दान्सान्तेस’ आणि ‘लेव्हादुरा दे ओया’ यांना एकेक तारा मिळाला. दुसऱ्या जागेच्या प्रमुख तालिया बारिओस गार्सिया दक्षिणेच्या डोंगरातल्या खेड्यातून आल्या आहेत आणि गावातल्या बायकांचं रांधणं त्यांनी जसंच्या तसं मेजावर आणलं. हा मान रास्त आहे. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत शहरात भाडेवाढ आणि पर्यटनाविरुद्ध मोर्चा निघाला होता, काही जणांना अटकही झाली. जुन्या शहरातली घरं पाहुण्यांच्या अल्पमुदतीच्या भाड्याला जात आहेत, राहणारे लोक कडेला सरकत आहेत. पाण्याची टंचाई तीव्र आहे. अनेक वस्त्यांत नळाला दिवसेंदिवस पाणी येत नाही आणि टँकर मागवावे लागतात, तर हॉटेलांच्या टाक्या भरलेल्या असतात. मेस्कालची जगात मागणी वाढली तशी डोंगर-उतारांवर एकाच जातीच्या आगावेची लागवड पसरली आणि रानटी जाती कमी होत चालल्या. जे गाव मठातलं हॉटेल थोपवू शकलं, त्याला घराघरात शिरणारं हॉटेल थोपवणं जास्त अवघड जातंय. इथे विरोध करायला एक इमारत नाही, एक मालक नाही.

तरीही जायचंच, आणि जाताना पैसा कुठे टाकायचा याचा विचार करून जायचं. त्लायुदाच्या पोळ्या सान आंतोनियो दे ला कालच्या बायका आणतात, तेहाते वायापामच्या, चीज एत्लाकडून येतं. बाजारात खाल्लं तर पैसा या गावांपर्यंत पोचतो. डिसेंबरात गेलात तर २३ तारखेला सोकालोत मुळ्यांची रात्र असते. १८९७ पासून तिची स्पर्धा भरते. नाताळच्या बाजारात गिऱ्हाईक खेचायला भाजीवाले मुळे कोरत, त्यातून ती निघाली असं सांगतात. मोठाले लाल मुळे कोरून मिरवणुका, चर्च, नाच उभे केलेले असतात आणि माणसं रांगेने पाहत पुढे सरकतात. रविवार हाताशी असेल तर तो त्लाकोलुलाच्या बाजारासाठी ठेवा. शहरापासून सुमारे तीस किलोमीटर, बस सतत असतात. जमिनीखालच्या भट्टीत शिजवलेलं बकऱ्याचं बार्बाकोआ दुपारपर्यंत संपतं, म्हणून सकाळीच निघावं.